लढाईची पुस्तकं आणि पदकाच्या कडेवरची तीन अक्षरं

संपादक दोस्त म्हणाला, तू सारखा लढायांची पुस्तकं वाचत असतोस, मग लिही की त्यावर. मी म्हटलं, मी काय समीक्षक नाही बाबा. रिंग खात्यातला माणूस. बाबिनी भरल्या की काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेलं सूत सांधायचं. तो म्हणाला, मराठीत समीक्षा लिहिणाऱ्यांनी आयुष्यात काय सांधलंय ते सांग. म्हणून लिहायला बसलो. शाळा दहावीपर्यंत, पुढचं इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलेलं. ज्याला प्राध्यापकी थाटाचं पाहिजे असेल त्याने सरळ पुढच्या कवितेवर जावं.

मी ही पुस्तकं का वाचायला लागलो ते आधी सांगतो.

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे, पणजोबाची. त्यात घडीवर फाटलेला एक कागद, एक चामड्याचा पट्टा आणि दोन पदकं. एक चांदणीच्या आकाराचं, एक गोल, राजाचं डोकं असलेलं. बाप दर एक जानेवारीला ते गोल पदक शर्टाला टाचून कोरेगावला जातो. गाडीत कुणी विचारलं की छाती काढून सांगतो, माझा आजा महार पलटणीत मशीनगनवर होता, बर्मात जपान्यांना भाजून काढलं त्याने. मी पण शाळेत हेच सांगायचो. ह्यावरनं मारामाऱ्यासुद्धा केल्यात. मग गिरणीत लागलो, अक्षरं जुळवायला लागलो, आणि एका सुट्टीच्या दिवशी त्या पदकाची कड भिंगाखाली धरली. हिंदी शिपायांच्या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असायचं. नंबर होता. नाव होतं. आणि तीन अक्षरं होती, आय. पी. सी. महार पलटणीतला म कुठेच नाही. शोधत गेलो तेव्हा कळलं, इंडियन पायोनियर कोअर. म्हणजे पहार, फावडं, घमेलं. रस्ते करायचे, विमानाच्या धावपट्ट्या करायच्या, दारूगोळ्याच्या पेट्या उतरवायच्या.

बापाला सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं वाचायला?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुस्तकं वाचत गेलो ती त्याच्यासाठी.

पहिलं पुस्तक शत्रूचं. जॉर्ज मॅकमन नावाचा गोरा लष्करी साहेब, त्याने १९३३ साली 'द मार्शल रेसेस ऑफ इंडिया' लिहिलं. हिंदुस्थानात काही जाती जन्मानेच लढाऊ, बाकीच्या जन्मानेच नेभळट, असा ह्या पुस्तकाचा सगळा डोलारा. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होता, १८८५ ते १८९३, तेव्हापासून लष्कराने ही गोष्ट धोरण म्हणून चालवली. मनूने जे श्लोकात केलं ते ह्यांनी भरतीच्या रजिस्टरात केलं. वाचा, पण शत्रूच्या तळावर शिरल्यासारखं सावध वाचा. कारण हा माणूस ज्या तराजूने मोजतो ना, तोच तराजू आपल्याही घरात टांगलेला आहे. माझा बाप दोन दिवस का बोलला नाही? बंदूकवाला माणूस, फावडेवाला कुणी नाही, हे त्याला मॅकमन न वाचताच पाठ होतं.

ह्या तराजूने आपलं काय केलं ते फिलिप कॉन्स्टेबल ह्याने २००१ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये लिहिलंय. पुस्तक नाही, लांबलचक लेख आहे. एका कॉलेजवाल्या मित्राने झेरॉक्स आणून दिला. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते, हवालदार होते, सुभेदार होते. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भरतीचं दार त्यांना बंद झालं. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा माणूस, त्याने १८९४ साली अर्ज लिहिला की आम्हाला परत घ्या. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. हे अर्ज वाचताना आज कुणी नाक मुरडतं, की इंग्रजाकडे शिपाईगिरी मागत होते. नाक मुरडणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. फौज म्हणजे पगार, पेन्शन, आणि सगळ्यात मोठं म्हणजे शाळा. रामजी सकपाळ लष्करी शाळेत मास्तर होते, सुभेदार होते, बाबासाहेब १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले. ते दार आणखी वीस-तीस वर्षं आधी बंद झालं असतं तर? हा विचार करून बघा एकदा, झोप येणार नाही.

आता कोरेगाव. ह्याच्यावर लिहायचं तर जपून लिहावं लागतं, कारण दोन्हीकडून दगड येतात. १ जानेवारी १८१८, कॅप्टन स्टाँटन, कंपनीचे आठशेच्या आसपास माणसं, समोर पेशव्याची कितीतरी पट मोठी फौज. खांबावर मेलेल्यांची ४९ नावं, त्यातली २२ शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे आपली. बाकी मराठे, रजपूत, मुसलमान, यहुदीसुद्धा. तोफांवर मद्रासचे गोलंदाज. आनंद तेलतुंबड्यांनी २०१८ साली लिहिलं की महार शिपाई जातीविरुद्ध नव्हे तर पगारी शिपाई म्हणून लढले, त्याला पेशवाईविरुद्धचं जातियुद्ध म्हणणं ही दंतकथा आहे. त्यावर आपल्यातले पुष्कळजण खवळले. मी लेख तीनदा वाचला. त्या दिवसापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे असं मला वाटतं. पाणी नाही, दिवसभर लढाई, त्या शिपायाच्या डोक्यात त्या घडीला काय चाललं होतं ह्याचा कागद कुणाकडे नाही. पण तेलतुंबडे एक गोष्ट हलक्यात घेतात. खांब कंपनीने बांधला स्वतःच्या मोठेपणासाठी. त्याचा अर्थ बदलला तो आपल्या माणसांनी. कांबळे तिथे गेले, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. साहेबाचा दगड आपण आपला करून घेतला. ही दंतकथा नाही, हे काम आहे, आणि शंभर वर्षं माणसांनी ते पायी चालत जाऊन केलंय. तरीपण माझी एक अडचण आहे. त्या खांबावर पणजोबासारख्याला जागा नाही. बैल हाकणारा, तोफ ओढणारा, पखालीने पाणी आणणारा कोरेगावलाही असणारच की. तो कुठल्या दगडावर आहे?

महार रेजिमेंटचा इतिहास व्ही. लाँगर ह्यांनी लिहिलाय, 'फोरफ्रंट फॉरएव्हर', १९८१. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडली. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब. घरात असावं असं पुस्तक. पण पलटणींचे इतिहास सगळे एकाच साच्यातनं काढलेले असतात, साहेबांची नावं, बदल्या, बक्षिसं. साधा शिपाई मेला किंवा पदक मिळालं तरच ओळीत येतो. जिवंत राहिला तर आकड्यात.

मराठी वाचणाऱ्या माणसाला लढाई म्हटलं की पानिपत. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी, १९८८ ची, आमच्या खात्यात चार जणांनी वाचलीय, हातोहात फाटली. वाचायला धावती आहे, नाकारून चालणार नाही. पण खरं अभ्यासायचं असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपत वाचा. माणूस विद्वान, आणि गुळमुळीत बोलणारा नव्हे. मला मात्र पानिपतच्या सगळ्या साहित्यातला एकच शब्द टोचतो. बाजारबुणगे. १४ जानेवारी १७६१ ला आपण का हरलो, तर म्हणे फौजेबरोबर बाजारबुणगे फार होते. शाळेतल्या मास्तरपासून कीर्तनकारापर्यंत सगळे हेच सांगतात. अरे पण बुणगे म्हणजे कोण? दाणावैरण आणणारा, तंबू ठोकणारा, खंदक खणणारा, जनावरं राखणारा, मेलेली जनावरं ओढणारा. त्याच्याशिवाय फौज एक मजल तरी गेली असती का? जिंकले की सरदारांचे पोवाडे आणि हरले की बुणग्यांमुळे. आणि मराठी भाषेने हा शब्द शिवी करून ठेवला. आजपण फालतू माणसाला बाजारबुणगा म्हणतात. कामगाराच्या नावाची शिवी करणं ही काय नुसती भाषेची गंमत नाही.

ह्या बुणग्यांवरच एक पुस्तक आहे. राधिका सिंघा, 'द कूलीज ग्रेट वॉर', २०२०. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेली माणसं, लढणारी नि न लढणारी मिळून, चौदा लाखांच्या आसपास. त्यातली साडेपाच लाखांवर बंदूक नसलेली. खेचरं हाकणारे, हमाल, भिस्ती, धोबी, मेहतर. तुरुंगातले कैदीसुद्धा शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात नेले. सिंघाबाईंनी एकेका कामाचा पगार, रेशन, कपडे, डोलीवाल्याला काय आणि मेहतराला काय, हे सगळं सरकारी कागदातनं उकरून काढलंय. ह्या न लढणाऱ्यांतसुद्धा उतरंड होती, वरचे आणि हलके. इंग्रजी जड आहे, एकेका पानाला मला रात्रपाळीची अर्धी सुट्टी लागायची. पण ह्या पुस्तकाने मला सांगितलं की पणजोबा एकटा नव्हता, त्याच्या आधी एक अख्खी पिढी तशीच गेली होती, आणि परत आल्यावर तीही गप्प बसली असणार.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. विल्यम स्लिम हा बर्मात लढलेल्या चौदाव्या आर्मीचा सेनापती. त्याचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी', १९५६. मला वाटलं होतं साहेब फुशारक्या मारणार. तसा तो नाही. १९४२ मध्ये आपण कसे मार खाऊन पळालो, आपल्या कुठल्या चुका झाल्या, हे तो सरळ लिहितो. सेनापतीने लिहिलेलं असं पुस्तक मी दुसरं पाहिलं नाही. आणि ह्या माणसाला रस्त्याची किंमत कळते. आराकानच्या किनाऱ्याला दगड मिळत नव्हता, तर रस्ता विटांचा केला. रस्त्याच्या कडेने भट्ट्या लावत गेले, हिंदुस्थानातून वीट पाडणारे हजारोंनी नेले. पुढे दुसरीकडे तागाचं कापड डांबरात बुडवून पट्ट्याच्या पट्ट्या मातीवर अंथरल्या आणि त्यावरनं ट्रक नेले. रस्त्याच्या सुरुवातीच्या कामाला आसामच्या चहाच्या मळ्यांवरचे मजूर होते, मळेवाल्यांच्या संघटनेने धाडलेले.

आणि छत्र्या. विमानातून अन्न, दारूगोळा टाकायला छत्र्या लागत होत्या, त्या पुरेशा मिळेनात. तर कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांमध्ये तागाच्या छत्र्या करून घेतल्या. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांवर खर्च, तागाचीला एक पौंडाच्या थोडा वर. हे मी दुपारपाळी सुटल्यावर गेटवरच्या टपरीत वाचलं आणि पुस्तक बंद करून बसून राहिलो. कापूस असो नाहीतर ताग, खात्यातली हवा मला माहीत आहे. नाकात, कानात, छातीत रुई बसते. स्लिमने गिरण्यांच्या साहेबांना गाठलं, काम पटकन उठलं, म्हणून तो त्यांना मनापासून शाबासकी देतो. पण त्या छत्र्या विणल्या कुणी? त्याच बंगालात १९४३ साली दुष्काळ होता, तीस लाखांच्या आसपास माणसं मेली असं मानतात. बाहेर रस्त्यावर माणसं उपाशी मरताहेत आणि आत साच्यावर विणणारा विणतोय, ती छत्री दुसऱ्या कुणाचं धान्य घेऊन उतरणार आहे. हे एवढं स्लिमला दिसलं नाही. चांगला माणूस होता, पण सेनापती होता.

ह्याच बर्मावर आणखी एक पुस्तक मिळतं, जे. एच. विल्यम्सचं 'एलिफंट बिल', १९५०. लाकडं ओढणाऱ्या हत्तींनी लढाईत पूल बांधायला कशी मदत केली त्याचं. प्रस्तावना स्लिमची. पुस्तक गोड आहे, हत्तींचे स्वभावसुद्धा लिहिलेत. बंडूला नावाच्या हत्तीवर तर १९५३ साली त्याने वेगळं अख्खं पुस्तक केलं, नाव 'बंडूला'. मला हत्तीचा राग नाही. हत्ती बिचारा काय, तोही कष्टकरीच. पण हत्तीचं नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आणि पणजोबाचं पदकाच्या कडेवर, तेही भिंगाने वाचायचं, ह्याला काय म्हणायचं?

स्वेतलाना अलेक्सिएविच ह्या बाईचं पुस्तक, 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर', रशियनमध्ये १९८५ चं, हे सगळ्यांनी वाचा, विशेषतः आपल्या चळवळीतल्या त्या दादा लोकांनी ज्यांना बायका सभेत सतरंज्या घालायला लागतात. दुसऱ्या महायुद्धात रशियन बायका लढल्या, लाखोंनी. नेमबाज, विमानवाल्या, नर्स. पण ती धोबिणीलाही शोधून काढते, रक्ताने कडक झालेले कपडे धुऊन धुऊन हातांची नखं गळाली ती सांगणारी. बाई स्वतः काही बोलत नाही, त्यांना बोलू देते. २०१५ साली तिला नोबेल मिळालं. माझी पणजी तीन वर्षं इथे मागे एकटी होती. ती शेतावर जात होती आणि मागे दोन पोरं होती, एवढंच घरात माहीत आहे. तिची पेटीपण नाही.

जॉन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल', १९७६. कीगन ब्रिटिश अधिकारी घडवणाऱ्या सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकवायचा, स्वतः कधी लढाईत नव्हता आणि तसं तो पहिल्याच पानावर कबूल करतो. त्याने तीन लढाया घेतल्या, अॅजिन्कोर्ट १४१५, वॉटर्लू १८१५ आणि सोम १९१६. नकाशावर बाण काढत बसत नाही. विचारतो, शिपायाला धुरात दिसत काय होतं, पाठीवर वजन किती होतं, पळायला जागा होती का. सोमला हल्ल्याआधी आठवडाभर पंधरा लाखांवर तोफगोळे टाकले, पण काटेरी तारा पुष्कळ ठिकाणी तुटल्याच नाहीत आणि जर्मन खोल भुयारात जिवंत राहिले. १ जुलैला इंग्रजांचे सुमारे ५७,००० जायबंदी नि मेलेले, त्यात १९,००० वर मेलेले. एका दिवसात. आता हे थोडं पुस्तकाबाहेरचं, पण सांगतोच. त्या दिवशी अॅक्रिंग्टन नावाच्या लँकेशायरच्या गावातली पलटण होती, गिरणी कामगार, यंत्रकामगार, शेजारी शेजारी राहणारे. सातशेवर माणसं पुढे गेली, ५८४ पडली किंवा बेपत्ता. अॅक्रिंग्टनला रिंग फ्रेम बनायच्या. मी ज्या प्रकारच्या साच्यावर उभा राहतो तो साचा बनवणारी माणसं. त्यांच्याशी माझं काय नातं आहे ते मला अजून नीट मांडता येत नाही. त्यांच्याच गावाच्या कापडाने इथले साळी-कोष्टी बुडाले हे पण माहीत आहे.

कीगनचं एकच उणं. त्याच्या लढाईत शिपाई आहे, बुणगा नाही. जेवण कुठून आलं हे तो फार विचारत नाही. तरी पण लढाईवर कसं लिहावं हे शिकायचं तर त्याच्याकडूनच.

स्लिमचं ते विटांच्या रस्त्याचं मी मराठीत करून बापाला वाचून दाखवलं. बाप लहानपणी वीटभट्टीवर होता, आजीबरोबर. गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "भट्टी लाकडावर लावत होते का कोळशावर?" मी म्हटलं, "आबा, तेवढं नाही आठवत." तर म्हणाला, "बघून सांग. पावसाळी मुलूख असेल तर कच्ची वीट वाळवायची कुठं त्यांनी? छप्पर घालावं लागलं असणार. पाऊस लागला तर सगळा माल मातीत." मग अर्धा तास तो मला भट्टी कशी रचतात ते सांगत बसला. एवढं सलग तो माझ्याशी पाच वर्षांत बोलला नव्हता. यंदाच्या एक जानेवारीला त्याने पदक लावलं. गाडीत कुणी विचारलं तर काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

एक काम सांगतो. तुमच्या कुणाच्या घरी असं पदक असेल तर कड बघा. दिवसा उजेडात, भिंग घेऊन. नंबर, नाव आणि पुढची अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवा आणि संपादकाच्या पत्त्यावर पोस्टाने धाडा. मी जमेल तसं शोधून कळवीन. राख नाहीतर चिंच लावून घासू नका. आमच्या आजीने वर्षानुवर्षं घासलं, त्यामुळे पणजोबाच्या नंबरातला शेवटचा आकडा तीन आहे का आठ, ते आता कळत नाही.